टेकडीवरची घंटा



संत फ्रान्सिस झेवियर यांच्या दर्शनासाठी जुन्या गोव्याला गेलो की जवळच्या टेकडीवर एक तुटका मनोरा आपल्याला दिसतो. बहुधा आपण तो बसमधूनच पाहतो, कारण जेवणाची वेळ झालेली असते! ते संत ऑगस्टिनचे चर्च. मनोऱ्याची उंची सुमारे ४६ मीटर होती. १८३५ साली पोर्तुगीज सरकारने मठवासीयांना घालवून दिले आणि चर्च ओस पडले. १८४२ साली छत कोसळले, १९३१ साली दर्शनी भाग व अर्धा मनोराही ढासळला.

घंटा मात्र वाचली. काही वर्षे ती आग्वाद किल्ल्याच्या दीपगृहावर होती. १८७१ साली ती पणजीच्या निष्कलंक मातेच्या चर्चवर चढवली गेली. ज्या चर्चसाठी ती ओतली, ते उरले नाही. तिची हाक उरली.

शलमोनाने मंदिर बांधीपर्यंत कराराचा कोशही मुक्काम हलवीतच होता. आपल्या धर्मग्रामातही कितीतरी कुटुंबे आपले गाव, आपले चर्च सोडून आली आहेत. तिकडे ज्यांच्याविना सण होत नसे, ते आजोबा इथे शेवटच्या बाकावर गप्प बसतात. आम्ही त्यांना साधे नावही विचारलेले नाही, हे कबूल करावेसे वाटते.

आज मिस्सा संपल्यावर घाईने पार्किंगकडे न वळता त्यांच्याजवळ थांबू या, आणि विचारू या: आजोबा, तुमच्या गावच्या चर्चचा सण कधी असतो?