टेल्युरियम आणि आयोडीन यांचा क्रम

मूलद्रव्यांच्या आवर्त सारणीची थोरवी सांगताना मेंडेलीव्हने मोकळ्या ठेवलेल्या घरांचा दाखला बहुधा प्रथम दिला जातो, आणि तो रास्तही आहे. कारण १८७१ साली ज्यांचे गुणधर्म त्याने आगाऊ वर्तविले होते, ती गॅलियम, स्कँडियम व जर्मेनियम ही तिन्ही मूलद्रव्ये १८८६ पर्यंत खरोखरच हाती आली. परंतु वर्गीकरणाचे मर्म कशात आहे याचा विचार करू लागलो म्हणजे माझे मन त्या रिकाम्या घरांपेक्षा टेल्युरियम आणि आयोडीन यांच्या भरलेल्या घरांपाशीच अधिक रेंगाळते.

१८६९ साली पीटर्सबर्ग येथे मेंडेलीव्हने मूलद्रव्ये अणुभाराच्या चढत्या क्रमाने मांडली, तेव्हा ठराविक अंतराने तेच गुण पुन्हा प्रकट होतात असे त्याला दिसले. आयोडीनचा अणुभार तेव्हा १२७ आणि टेल्युरियमचा १२८ असा नोंदलेला असल्यामुळे आयोडीन आधी यावयास हवे होते. पण आयोडीनची प्रकृती पाहावी: त्याचे काळसर, चकाकणारे स्फटिक किंचित तापविताच जांभळी वाफ उठते, त्याचा अणू हायड्रोजनच्या एकाच अणूशी संयोग पावतो, आणि सोडियमशी मिळून ते मिठाच्याच जातीचा क्षार देते, क्लोरीन व ब्रोमीन यांचे ते सख्खे भावंड आहे, यात संशयाला जागा नाही. टेल्युरियमला मात्र गंधकाप्रमाणे हायड्रोजनचे दोन अणू लागतात, आणि त्या संयोगातून निघणारा वायूही तसाच दुर्गंधी असतो. केवळ भार प्रमाण मानला असता, तर दोघांचीही रवानगी परक्या कुळात झाली असती. मेंडेलीव्हने टेल्युरियम आधी व आयोडीन नंतर असाच क्रम मुक्रर केला, आणि टेल्युरियमच्या भाराचा आकडाच चुकीचा असला पाहिजे असे बजावले.

तो आकडा मात्र त्याच्या म्हणण्याप्रमाणे उतरला नाही. काटेकोर मोजणीअंती टेल्युरियम १२७.६ वर व आयोडीन १२६.९ वर स्थिरावले. निर्णय अचूक आणि त्याचे समर्थन चुकीचे, असा हा प्रसंग आहे, आणि मला तर त्यातच मेंडेलीव्हची खरी प्रतिभा दिसते. कारण तराजूने दिलेल्या एका नेमक्या आकड्यापेक्षा अनेक गुणांनी मिळून दिलेली साक्ष त्याने अधिक वजनदार मानली, आणि तीही स्वतःच प्रस्थापित केलेल्या नियमाला बाध येत असताना.

समर्थन मिळाले ते १९१३ साली. हेन्री मोस्ले या तरुण इंग्रज शास्त्रज्ञाने निरनिराळ्या मूलद्रव्यांतून निघणाऱ्या क्ष-किरणांची वारंवारता मोजली, तेव्हा तिचे वर्गमूळ एका मूलद्रव्याकडून पुढच्याकडे जाताना सारख्या पायरीने चढत जाते असे आढळले. ही पायरी अणुकेंद्रावरील धनविद्युत्‌भाराची होती. त्या मापाने टेल्युरियमचा क्रमांक ५२ व आयोडीनचा ५३ ठरतो. निसर्गात सापडणाऱ्या टेल्युरियममध्ये १२८ व १३० या वस्तुमानांकांच्या अणूंचे प्राबल्य असल्यामुळे त्याचा सरासरी भार चढतो; पण हे जादा वजन न्यूट्रॉनांचे असते, आणि कोणाशी किती प्रमाणात संयोग पावावे या बाबतीत न्यूट्रॉनांचा हुकूम चालत नाही. कोबाल्ट व निकेल, आर्गॉन व पोटॅशियम या जोड्यांतही भार असाच उलटा पडतो, आणि तेथील क्रमाचाही उलगडा याच एका गोष्टीने होतो.