सावलीचा वाटा

मे महिन्यात बुलढाणा जिल्ह्यात सहलीस जाणे शहाणपणाचे नव्हे, हे आधीच मान्य करतो. परंतु मुलांची सुट्टी मेमध्येच असते आणि लोणारचे सरोवर पाहण्याची हौस जुनी होती. लोणार विषुववृत्ताच्या उत्तरेस जवळजवळ 20 अंशांवर आहे. त्यामुळे 20 मेच्या सुमारास भर दुपारी सूर्य तेथे थेट माथ्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली पायांखालीच नाहीशी होते. आपली सावली आपल्याहून आखूड असेल तेव्हा ऊन टाळावे, असा एक साधा वैद्यकीय नियम आहे. येथे सावलीच उरत नाही!

विवराच्या काठाजवळ गाडी उभी करून आम्ही सर्वांनी तोंडाला, मानेला, हातांना क्रीम लावले. त्यामागे प्रकृतीच्या काळजीपेक्षा काळे पडण्याची धास्ती अधिक होती, हे कबूल केले पाहिजे. जवळच रस्त्याच्या कामावरील काही स्त्रिया आमच्याकडे पाहत होत्या. साडीवर लांब बाह्यांचा पुरुषी सदरा, डोक्यातोंडाला फडके. माझ्या पत्नीने एकीपुढे ट्यूब धरली. ती हसली. "यानं ऊन कमी लागते काय वो बाई?"

प्रश्न मार्मिक होता. क्रीम अतिनील किरणांना काही प्रमाणात अडवते, उष्म्याला नव्हे. घामाने ते निघून जाते, दर दोन तासांनी पुन्हा लावावे लागते. घट्ट विणीचा सदरा त्याहून भरवशाचा. म्हणजे कातडीच्या रक्षणात ती आमच्यापुढेच होती. तिच्यापाशी नव्हती ती सावली, आणि सावलीत बसण्याची मुभा.

"त्यांना सवय असते," मी पत्नीला म्हणालो. हे वाक्य मला अजून सलते आहे. त्यात अर्धे सत्य आहे. सावळ्या त्वचेतील रंगद्रव्य किरणांपासून थोडे संरक्षण देते, शरीरही उन्हाला काहीसे सरावते. परंतु ठराविक मर्यादेपलीकडे घाम शरीराला थंड ठेवू शकत नाही, आणि उष्माघात कुणाची सवय विचारीत नाही. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरच्या पुरस्कार सोहळ्यात व्यासपीठावर छप्पर होते, लाखोंचा श्रोतृवर्ग उघड्या मैदानात होता. चौदा माणसे दगावली. दुसऱ्याच्या सोशिकपणाचे कौतुक करता करता आपण स्वतःला जबाबदारीतून मोकळे करतो, ते असे.

स्वतःच्या देहाची काळजी घेणे मी चैन मानीत नाही. देह जपण्यासाठीच मिळाला आहे. पण क्रीम पैसे टाकून मिळते, सावली मात्र दुसऱ्याने द्यावी लागते. 2005 च्या रोजगार हमी कायद्याने कामाच्या ठिकाणी पिण्याचे पाणी आणि मुलांसाठी व विश्रांतीसाठी सावली असावी, असे लिहून ठेवले होते. सावली ही कुणाची मेहेरबानी नसून मजुराचे देणे आहे, एवढे तरी त्या कलमाने मान्य केले होते. ते काम एका खाजगी कंत्राटदाराचे होते. तेथे ताडपत्रीचा तुकडाही नव्हता.

सरोवर पाहून वर आलो तेव्हा चार वाजले होते. आमच्या उभ्या गाडीच्या सावलीत दोघीजणी टेकल्या होत्या. चालकाने इंजिन सुरू केले, तशा त्या मुकाट्याने उठल्या.