पुढच्या दिवाळीला सर्व्हरवर कोण असेल?

लॅपटॉप मिटा. नव्या नकाशाची चित्रं मला आज बघायची नाहीत.

भाईंदरच्या एका खोलीत बसून तुम्ही ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम उभा केलात. अनोळखी माणसं रोज रात्री त्यात येतात, एकमेकांना सांभाळून घेतात. ही लहान गोष्ट नाही, म्हणूनच मला राग आलाय. गणपतीत तुम्ही दुप्पट सोनं वाटलंत, नवरात्रात पुन्हा, दिवाळीत तिप्पट. हे सोनं खेळातून बाहेर कुठून जातं, असं तुमच्यातल्या एकानेही विचारलं नाही. शस्त्रदुरुस्तीला खर्च नाही, सौद्यावर कर नाही. आता साध्या ढालीला लाख नाणी पडतात आणि काल आलेल्या पोराकडे शंभर असतात. तो का थांबेल?

असं आधीही घडलंय. १९९७ च्या 'अल्टिमा ऑनलाइन' या खेळासाठी रिचर्ड गॅरियटच्या चमूने गवत, ससे, लांडगे अशी अन्नसाखळी रचली होती. खेळाडूंनी दिसेल तो प्राणी मारला. साखळी टिकेना, काढून टाकावी लागली. तुमच्या घरापासून उत्तन किती लांब आहे? तिथले कोळी १ जून ते ३१ जुलै होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात. त्या दोन महिन्यांत त्यांच्या घरी पैसा नको असतो का? मासळीची वीण व्हायला हवी, म्हणून ते थांबतात. तुम्हाला मात्र सोनं वाटणं एक आठवडाही थांबवत नाही.

आता म्हणे तलवारी खऱ्या पैशांत विकायच्या. 'डायब्लो ३'ने २०१२ मध्ये असा बाजार उघडला होता. राक्षस मारून शस्त्र मिळवण्यातली गोडीच त्याने घालवली, हे कंपनीने स्वतः मान्य केलं आणि मार्च २०१४ मध्ये तो बंद केला. तो अनुभव वाचायचेही कष्ट तुम्ही घेतले नाहीत.

सर्वांत वाईट म्हणजे अ‍ॅडमिनचे अधिकार तुम्ही मित्रांना वाटलेत. त्यातल्या एकाने स्वतःच्या गिल्डला दुर्मिळ चिलखतं दिली, तुम्हाला ते कळलं आणि तुम्ही गप्प राहिलात! 'ईव्ह ऑनलाइन'मध्ये २००७ साली हेच उघडकीला आलं. बनवणाऱ्यांपैकीच एकाने आपल्या गटाला दुर्मिळ आराखडे दिले होते. त्या आइसलँडच्या कंपनीने आपल्याच माणसांवर नजर ठेवणारा विभाग नेमला आणि २००८ मध्ये खेळाडूंनी निवडून दिलेली परिषद बसवली. खेळ अजून चालू आहे. याउलट 'स्टार वॉर्स गॅलक्सीज'ने नोव्हेंबर २००५ मध्ये तीसहून अधिक व्यवसाय मोडून नऊ केले. वर्षानुवर्षं घडवलेली पात्रं लोकांच्या हातून गेली. जुने खेळाडू निघून गेले आणि २०११ च्या डिसेंबरात सर्व्हर बंद झाले. 'ओल्ड स्कूल रूनस्केप'मध्ये मात्र महत्त्वाची नवी गोष्ट आधी खेळाडूंच्या मताला टाकतात. सुरुवातीला ७५ टक्के होकार लागे, आता ७० लागतो.

तुम्ही कोणाला विचारलंत? दिवसभर दुकान सांभाळून रात्री नवख्यांना लढाई शिकवणाऱ्या त्या ताई तुमच्या खेळाचा कणा होत्या. चिलखतांचा प्रकार कळल्यावर त्या गेल्या. त्या का गेल्या, हे विचारायला कोणी साधा फोनही केला नाही.

आज रात्रीच मित्रांचे अधिकार काढा. ती चिलखतं परत घ्या, आणि काय घडलं ते सगळ्या खेळाडूंना स्वच्छ सांगा. ताईंची माफी मागा. त्या परतल्या नाहीत तरी मागा. सोमवारी येताना गेल्या महिन्यात किती सोनं तयार झालं आणि किती संपलं, हे दोन आकडे वहीत लिहून आणा. ते पाहिल्याशिवाय मी तुमचा नकाशा उघडणार नाही.