सहकार्याची सीमा

दुसऱ्याच्या दुष्कृत्यात आपले सहकार्य कोठवर क्षम्य? संत आल्फोन्सस लिगोरी यांनी १८व्या शतकात यासंबंधी भेद स्पष्ट केला: पापी हेतूशी एकरूप होऊन केलेले साहाय्य सदैव निषिद्ध, हेतू नाकारून, गंभीर कारणास्तव केलेले साहाय्य प्रसंगी क्षम्य.

एचआयव्हीने हा प्रश्न ग्रंथांतून रस्त्यावर आणला. मादक द्रव्य टोचून घेणारे एकच सुई आपसांत वापरतात आणि विषाणू फैलावतो. सिडनीतील 'सिस्टर्स ऑफ चॅरिटी' या धर्मभगिनींनी १९९९ साली, वैद्यकीय देखरेखीत टोचून घेण्याचे केंद्र प्रयोगादाखल चालविण्याचे मान्य केले. रोमच्या आदेशानंतर त्यांनी माघार घेतली. २००१ साली युनायटिंग चर्चने ते उघडले. उलट अमेरिकेतील आल्बनी धर्मप्रांतात २०१० साली कॅथोलिक चॅरिटीजने, बिशपांच्या संमतीने, जुन्या सुया घेऊन नव्या देण्याची सेवा आरंभिली.

एकाच ख्रिस्तसभेत ही दोन उत्तरे! आम्हांस वाटते, येथे तत्त्व एकच आहे, मोजमाप निराळे. आणि मोजमापास वस्तुस्थिती लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००४ च्या आढाव्यानुसार स्वच्छ सुयांमुळे लागण घटते; व्यसन वाढल्याचा खात्रीलायक पुरावा नाही. म्हणून विवेकबुद्धीला संशोधकाची गरज आहे, आणि संशोधकाला व्यसनी माणसाचा विश्वास संपादन केलेल्या सेवकाची. त्यांनी हातात हात घेणे म्हणजे पापाला मान्यता नव्हे.

लोकांस अडखळण होईल, ही भीती आम्ही क्षुल्लक मानीत नाही. परंतु पश्चात्तापासाठी माणूस आधी जिवंत राहावा लागतो. उधळ्या पुत्राच्या पित्यानेही तो परतेपर्यंत वाटच पाहिली होती.