पाहुण्याला गाता यावे म्हणून



संगीताला भाषा नसते, असे आपण सहज म्हणतो. पण गीताला भाषा असते, आणि ती येत नसेल तर माणूस देवळातसुद्धा परका ठरतो. फ्रान्समधील तेझे या लहानशा खेड्यात हाच प्रश्न उभा राहिला होता.

१९४० साली, महायुद्ध पेटलेले असताना, स्वित्झर्लंडचे तरुण रॉजर तेथे आले. त्यांनी निर्वासितांना घरात आसरा दिला. त्यांत ज्यू लोकही होते. युद्ध संपल्यावर त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी जवळच्या छावणीतील जर्मन कैद्यांना रविवारी आपल्याकडे बोलावले. कालच्या शत्रूला घरात घेणे सोपे नव्हते. पुढे तेथे प्रोटेस्टंट आणि कॅथलिक अशा ब्रदरांचा एकच मठ वाढला. १९६२ साली तेथील समेटाचे मंदिर जर्मन तरुणांनी येऊन बांधले, आपल्या देशाच्या हातून घडलेल्या पापाची जाणीव ठेवून.

मग देशोदेशींचे तरुण येऊ लागले. ब्रदर फ्रेंच भाषेत सुंदर गात. पाहुणे नुसते ऐकत बसत. तेव्हा ब्रदरांनी आपली सवय बाजूला ठेवली. पॅरिसचे ऑर्गनवादक झाक बर्तिए यांच्याकडून त्यांनी छोटी छोटी गीते करून घेतली. एक-दोन ओळी, पुन्हा पुन्हा म्हणायच्या. पुष्कळशी लॅटिनमध्ये, कारण ती कोणाचीच घरची भाषा नव्हती. सर्वांनीच आपल्या घराचा उंबरठा ओलांडायचा, म्हणजे कोणी यजमान नाही आणि कोणी उपरा नाही.

बाकावर एका जागी दोन माणसे बसू शकत नाहीत. दोन स्वर मात्र एकाच हवेत, एकमेकांना न ढकलता नांदतात. अट एकच: गाताना शेजाऱ्याचा आवाज ऐकू आला पाहिजे.

गाण्याने वैर आपोआप मिटत नाही. १६ ऑगस्ट २००५ रोजी, सायंप्रार्थना चालू असतानाच, नव्वद वर्षांच्या ब्रदर रॉजर यांच्यावर एका मनोरुग्ण स्त्रीने चाकूने वार केले आणि ते मरण पावले. त्यांच्या अंत्यविधीत नवे प्रमुख ब्रदर अलोईस यांनी तिला क्षमा मिळावी म्हणून देवापाशी विनवणी केली. रोज परक्याबरोबर गाणारे ओठच असे शब्द उच्चारू शकतात.

पेन्टेकॉस्टच्या दिवशी यरुशलेमेत जमलेल्या प्रत्येकाला आपापल्या भाषेत सुवार्ता ऐकू आली. पवित्र आत्म्याने कोणालाही दाराबाहेर ठेवले नाही.

आपल्या मिस्सेला मागच्या बाकांवर कामधंद्यासाठी झारखंडहून, केरळहून आलेली भावंडे बसतात. आपली गीते जुनी आहेत, गोड आहेत, ती आपण जपूच. पण त्या भावंडांचे ओठ मिटलेले राहत असतील, तर आपले गायन अजून अपुरे आहे. येत्या रविवारी गायनमंडळाने एक सोपे ध्रुवपद मिस्सेआधी सर्वांना शिकवावे. आपण शेजारी बसलेल्याला गीतांचे पुस्तक उघडून द्यावे, त्याचे नाव विचारावे, आणि त्याच्या मुलुखातील एखादे भक्तिगीत आपणही शिकावे.

प्रभू येशू आपणा सर्वांना एका सुरात आणो. आमेन.

– आपले धर्मगुरू