हानीची साक्ष

कार्य पाहून कारण जाणावे, ही रीत मानवी बुद्धीच्या इतकी अंगवळणी पडलेली आहे, की तिच्या अधिकाराविषयी शंका घेणे आपल्याला सहसा सुचत नाही. नदीचे पाणी चढलेले दिसले, की वर पाऊस झाला असला पाहिजे असे आपण म्हणतो. परंतु न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथाच्या, न्यायसूत्रांच्या, दुसऱ्या अध्यायातील पूर्वपक्षी, म्हणजे आक्षेप घेणारा, विचारतो, की कोणी बांध घालून प्रवाह अडविला असला तरीही पाणी चढणारच, मग चढलेल्या पाण्याची साक्ष पावसाच्या बाजूने कशी धरावी? हाच आक्षेप आज मोबाइल जाळ्याची देखरेख करणाऱ्या अभियंत्यापुढे रोज उभा राहतो, आणि त्याचा निकाल लावल्यावाचून त्याचे काम पुढे सरकत नाही.

जाळ्यातून जाणारा प्रत्येक संदेश लहान लहान पॅकेटांत विभागला जातो. वाटेतल्या यंत्रांपाशी ती रांगेत थांबतात, आणि रांग भरली की मागाहून आलेली टाकून दिली जातात. १९८६च्या ऑक्टोबरात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचे विद्यापीठ यांमधील, जेमतेम चारशे यार्डांच्या अंतरावरील माहितीचे वहन सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळले. हरवलेले पॅकेट पुनःपुन्हा पाठवून जो तो गर्दीत भरच घालीत होता. तेव्हा व्हॅन जेकबसन आणि मायकेल कॅरेल्स यांनी १९८८ मध्ये असा नियम मांडला, की पॅकेटांची हानी दिसताच पाठविणाऱ्याने हात आखडता घ्यावा आणि मग बेताबेताने ओघ वाढवावा. कोणाचा हुकूम नसता, केवळ एका लक्षणावरून प्रत्येकाने स्वतःला आवरावे, या संयमावर इंटरनेट तगून राहिले.

परंतु या संयमाच्या मुळाशी ‘जेथे हानी तेथे गर्दी, आणि जेथे गर्दी तेथे हानी’ ही व्याप्ती, म्हणजे अटळ सोबत, गृहीत होती. तारेवर पॅकेट बिघडणे अतिविरळ, म्हणून तेथे ती बहुतांशी टिकली. रेडिओलहरींच्या राज्यात मात्र ती दोन्ही अंगांनी ढासळते. बोगद्यात शिरलेल्या आगगाडीतला किंवा एका मनोऱ्याकडून दुसऱ्याकडे सोपविला जाणारा फोन गर्दी नसतानाही पॅकेट गमावतो. उलट, मनोऱ्यावरील यंत्र हरवलेले पॅकेट स्वतःच पुन्हा पाठविते आणि लांबलचक रांगा सांभाळते, तेव्हा गर्दी असूनही हानी दिसत नाही, नुसता विलंब वाढतो.

मग अनुमानच त्याज्य ठरवावे काय? न्यायसूत्रांवरील वात्स्यायनांचे भाष्य तसे म्हणत नाही. नुसते चढलेले पाणी नव्हे, तर त्याचा वाढलेला वेग, त्यावरील फेस, त्यातून वाहत येणारी पाने, फळे आणि लाकडे पाहूनच जाणता मनुष्य पावसाचे अनुमान करतो. अपुऱ्या लक्षणावरून जो निष्कर्ष काढतो, दोष त्याचा असतो, अनुमानाचा नव्हे. अभियंत्यानेही हानीचे सोबती तपासावे: रांगेतील विलंब तिच्याआधी चढत गेला काय, मनोऱ्याची रेडिओक्षमता संपत आली काय, पॅकेट अनेकांची हरवतात की क्षीण संकेताच्या एकट्याची. २००१ मध्ये प्रमाणित झालेल्या एका योजनेत तर रांग भरू लागताच यंत्र पॅकेट टाकून देण्याऐवजी त्यावर गर्दीची खूण करते. तेथे अनुमानाच्या जागी शब्दप्रमाण, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरचे ज्ञान, येते, आणि सांगणारा आप्त, म्हणजे विश्वासार्ह, आहे काय, हा नवा प्रश्न उभा राहतो.

तथापि सर्व तपासणीनंतरही किती हानीला गर्दी म्हणावे, हा आकडा कोणी तरी दफ्तरी नोंदवावाच लागतो. मोबाइलच्या चौथ्या पिढीच्या मानकांत संभाषणाच्या आवाजाला शंभरांत एक पॅकेट हरवण्याची मुभा आहे, सामान्य वहनाला दहा लाखांत एकाचीच. म्हणजे एकच हानी एकाला क्षम्य आणि दुसऱ्याला असह्य असते. मर्यादा फार खाली ठेवली तर मनोऱ्यापासून दूर राहणाऱ्या निरपराध ग्राहकाचा ओघ विनाकारण आखडतो. फार वर ठेवली तर खरी गर्दी दुर्लक्षित राहून सर्वांचेच बोलणे तुटते. आपल्या अज्ञानाचा भार कोणी सोसावा, याचाच फैसला त्या आकड्यात दडलेला असतो, आणि म्हणून तो केवळ गणिताचा नव्हे, धर्माचाही प्रश्न आहे. माझ्या मते संशय असेपर्यंत संयम थोडा आणि अल्पकाळच लादावा, तेवढ्यात दुसरी साक्ष शोधावी, आणि ठरविलेली मर्यादा वेळोवेळी फेरतपासणीस खुली ठेवावी. कारण ज्यांचा निवाडा ती करते त्यांना आपली बाजू मांडण्याची सोय नसते, आणि जेथे सुनावणी नाही तेथे न्यायाची सारी जबाबदारी निवाडा करणाऱ्याच्या विवेकावरच येऊन पडते.