स्वस्त कागदाची बाकी

भिवंडीहून वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्याने अंबाडी नाक्यापर्यंत यावे आणि तेथून वज्रेश्वरीच्या अंगाने गणेशपुरीकडे वळावे, म्हणजे एकाच तालुक्याच्या हद्दीत दोन अगदी भिन्न जगे नांदत असल्याचा प्रत्यय येतो. भिवंडीच्या आसपास मानकोली, काल्हेर, पडघा या गावांच्या भातजमिनींवर गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या असून, मुंबई-ठाण्यातील असंख्य घरांनी मागविलेला माल तेथे पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरला जातो, चिकटपट्टीने बंद होतो आणि दारोदार रवाना होतो. इकडे तानसा नदीचे खोरे लागते, मंदाग्नीचा डोंगर दिसू लागतो, आणि नित्यानंदांची समाधी व उष्णोदकाची कुंडे ज्या परिसरात आहेत, त्याच्या पलीकडे साग, ऐन, खैर, कळंब आणि बांबू यांचे रान पसरलेले आहे. या रानाचा सुमारे ३२० चौरस किलोमीटरचा टापू १९७० साली तानसा अभयारण्य म्हणून राखला गेला. ज्याचे अस्तित्वच एके काळी संशयास्पद ठरले होते आणि जो १९९७ साली शहाद्याच्या परिसरात पुन्हा आढळला, तो वनपिंगळा पक्षी २०१४ साली याच तानसाच्या रानात दिसला. गोदामातले ते खोके आणि हे रान यांचा परस्परांशी संबंध काय, या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सरळ नाही, आणि ते सरळ नाही म्हणूनच त्याचा विचार करणे अगत्याचे आहे.

कागद वाचवा, म्हणजे झाडे वाचतील, असे आपण मुलांना शिकवितो. शिकवण चांगली आहे. परंतु तिच्यामागचे चित्र अपुरे आहे. आपण वहीचे पान फाडले की तानसाच्या रानात कुऱ्हाडीचा घाव बसतो, असे काही घडत नाही. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने वनाधारित उद्योगांना आपला कच्चा माल शेतकऱ्यांशी थेट संबंध जोडून निर्माण करण्यास सांगितले, आणि तेव्हापासून कागदाच्या गिरण्या सुबाभूळ, नीलगिरी, सुरू अशा लावलेल्या झाडांकडे वळल्या. शिवाय आपल्या देशात तयार होणाऱ्या कागदापैकी निम्म्याहून अधिक कागद आज रद्दीपासूनच होतो. मग घरातल्या गृहिणीने पाठकोऱ्या कागदावर वाणसामानाची यादी लिहिली तर वाचले काय, असे कोणी विचारले, तर हा आक्षेप हसून टाळण्यासारखा नाही. त्याचे उत्तर शोधू जाता माणूस कागदाच्या किमतीपाशी येऊन पोचतो.

कागद नेहमीच स्वस्त नव्हता. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात आणि जुन्नरास ज्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या कागद केला, त्यांच्या लगद्यात झाड नव्हतेच. ताग, जुने दोरखंड, गोणपाटाचे तुकडे, चिंध्या हा त्यांचा कच्चा माल. हा माल कुटायचा, धुवायचा, चाळणीवर एकेक ताव उचलायचा, वाळवून त्यास खळ द्यायची आणि मग दगडाने घोटून तो तकतकीत करायचा, इतके श्रम ज्या वस्तूत ओतलेले असत, ती वस्तू वापरणारा हात आपोआप जपून चाले. पेशवे दप्तरातील मोडी कागद पाहणारास हे चटकन लक्षात येते. अक्षरांची सलग गुंफण, मजकुराच्या मानाने बेतलेला कागदाचा लहानमोठा तुकडा, आणि काम झाल्यावर रुमालात बांधून ठेवलेली प्रत्येक चिठी, या सर्वांत कारकुनाची सवय जितकी आहे तितकीच वस्तूच्या मोलाची जाणीवही आहे. चिंधीपासून कागद करण्याची ती विद्या पुढे वर्ध्याच्या ग्रामोद्योग संघाने हाती घेतली आणि १९४० साली पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली. भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या गावी पडणाऱ्या सुती चिंध्यांना या विद्येची जोड का मिळू नये, हा विचार माझ्या मनात पुष्कळदा येऊन गेला आहे.

यंत्राने लाकडाचा लगदा करण्याची युक्ती एकोणिसाव्या शतकात युरोपात साधली आणि कागदाचे मोल उतरले. हिंदुस्थानात लाकडाची जागा बांबूने घेतली. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत बांबूच्या लगद्याचे प्रयोग झाले आणि १९२५ साली सरकारने बांबूच्या कागदाच्या धंद्यास संरक्षण देणारा कायदा केला. येथून पुढे जे घडले त्याचा सर्वांत बोलका दाखला शेजारच्या कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात, दांडेलीस सापडतो.

दांडेलीच्या कागदगिरणीस १९५८ च्या सुमारास सरकारी रानातील बांबू टनामागे दीड रुपया अशा नाममात्र दराने देण्याचा करार झाला. त्याच काळी सुपे, डाली, कणग्या विणून पोट भरणारा बुरूड तोच बांबू बाजारात त्याच्या कितीतरी पट दाम मोजून घेत होता. बांबू अपरंपार आहे, गिरणीने कितीही नेला तरी तो सरणार नाही, असा कागदोपत्री हिशेब होता. प्रत्यक्षात काही वर्षांतच बांबू विरळ होऊ लागला, बुरुडांची ओरड सुरू झाली, आणि सत्तरच्या दशकात मूळचे पुण्याचे शास्त्रज्ञ माधव गाडगीळ व त्यांचे सहकारी यांनी या प्रकरणाचा अभ्यास केला. बांबूच्या बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचे एक दाट जाळे असते. बेटे ‘साफ’ राहावीत, म्हणजे बांबू चांगला वाढेल व तोडणी सोपी जाईल, या हेतूने वनखात्याकडून हे काटे छाटले जात. खात्याच्या दृष्टीने ती शिस्त होती. परंतु जमिनीतून वर येणाऱ्या कोवळ्या कोंबांभोवतीचे ते कुंपणच होते. ते निघून गेल्यावर गुरे, वानरे, साळिंदरे यांनी कोंब खाऊन टाकले आणि बेटे नव्याने भरेनाशी झाली. रानाशी नित्य व्यवहार असणाऱ्या गावकऱ्यांना ही गोष्ट ठाऊक होती; त्यांना कोणी विचारले नव्हते.

या हकिगतीत मला सर्वाधिक महत्त्वाचा वाटतो तो दीड रुपया. गिरणीला एका टनाची किंमत दीड रुपया पडत असेल, तर बेट राखून तोडण्याचे, कोंब वाचविण्याचे, पाच वर्षांनी याच जागी पुन्हा बांबू मिळावा अशी तजवीज करण्याचे तिला कारणच उरत नाही; जवळचे रान सरले की दूरच्या रानाकडे वळणे अधिक किफायतशीर ठरते, आणि देशभर गिरण्यांनी नेमके तेच केले. बांबूच्या मोलाचा जो भाग गिरणीने भरला नाही तो नाहीसा झाला नाही. तो रानाने भरला, आणि सुपे विणणाऱ्या बुरुडाने भरला. आपल्या लहानपणाच्या वह्या, पाठ्यपुस्तके, लग्नपत्रिका या ज्या कागदावर छापल्या गेल्या, त्याच्या दरात हा भाग कधीच दाखल झाला नव्हता. घरातील कागदाची काटकसर मला कर्तव्यरूप वाटते ती यासाठी. दुकानात मागितली जाणारी किंमत खरी किंमत नाही, हे एकदा उमगल्यावर खऱ्या किमतीचा जमाखर्च ज्याच्या त्याच्या घरी मांडला जाणे एवढाच मार्ग शिल्लक राहतो. नाही म्हणायला दुसरा एक मार्ग गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने दाखविला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर रानावर या गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला, २०११ च्या एप्रिलमध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला, आणि जो बांबू दशकानुदशके बल्लारपूरच्या कागदगिरणीकडे जात असे, त्याचा दर गावाने स्वतः ठरविला.

आता रद्दीकडे वळतो. कागदाचा पुनर्वापर हा शब्द आपण असा उच्चारतो, जणू एकदा रद्दी विकली की कागदाचा फेरा अखंड चालू राहावा. वस्तुस्थिती अशी की, लगदा करताना तंतू दर खेपेस आखूड होत जातो, आणि पाच-सात फेऱ्यांनंतर त्यात कागद धरून ठेवण्याची ताकद राहत नाही. म्हणून कोठे ना कोठे नवा लगदा मिसळावाच लागतो. रद्दीने रानाला मुदतवाढ मिळते. ती मोलाची आहे. परंतु वापर वाढतच राहिला तर ती पुरणार नाही, आणि म्हणून कमी वापरणे हे रद्दी विकण्याच्या आधीचे काम आहे.

गोदामातून घरी आलेले एखादे खोके फेकण्यापूर्वी जरा उलगडून पाहावे. दोन सपाट थरांच्या मध्ये नागमोडी कागदाची पट्टी चिकटविलेली दिसते. कडेला फाडले तर आखूड, भुरकट तंतू सुटे होतात, आणि एखाद्या ठिकाणी जुन्या छपाईचा निळा कणही दिसतो. म्हणजे हा कागद पूर्वी दुसरे काहीतरी होऊन आलेला आहे, आणि नीट परत गेला तर वापीच्या एखाद्या गिरणीत पुन्हा एकदा पुठ्ठा होऊ शकतो. मात्र तो ओल्या कचऱ्याच्या डब्यात पडला, त्याला आमटी लागली, चहाचा चोथा लागला, की त्याचा दर आणि उपयोग दोन्ही संपतात. आपल्या गिरण्या परदेशांतून जहाजे भरभरून रद्दी आणवितात, आणि आपल्या घरातली रद्दी मात्र खरकट्यात भिजून जाते, याची मला खरोखर खंत वाटते. चिकटपट्टी काढून, खोके चपटे करून, कोरड्या जागी ठेवायला लागणारा वेळ तो किती! वर्तमानपत्र वेगळे, वह्या-पुस्तके वेगळी, पुठ्ठा वेगळा अशी प्रतवारी घरीच झाली तर रद्दीवाला चांगला भाव देतो, आणि कचऱ्यातून कागद वेचणाऱ्या बाईला तो घाणीतून उचलावा लागत नाही. १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली ती याच बायांच्या श्रमाला श्रम म्हणून मान्यता मिळावी म्हणून. रानाच्या रक्षणात त्यांचा वाटा वृक्षारोपणाच्या कित्येक समारंभांहून मोठा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

काही कागद असा असतो की जो परत जाऊच शकत नाही. चहाच्या कागदी पेल्याला आतून प्लॅस्टिकचा पातळ लेप असतो. तेलाने माखलेला कागद, हात पुसायचा कागद, दुकानातली गुळगुळीत पावती यांचीही तीच गत. महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिकवर बंदी आली तेव्हा आपण सर्वांनी कागदाकडे धाव घेतली आणि कर्तव्य पार पडल्याचे समाधान मानले, परंतु एकदा वापरून फेकण्याची सवय तशीच राहिली. घरात पेला असावा, फडके असावे, पिशवी असावी. लग्नाची जाडजूड, सोनेरी वर्खाची, पाकिटात पाकीट घातलेली पत्रिका ज्येष्ठांच्या पाया पडून देण्यापुरती दहा-वीस असावी आणि बाकीच्यांना फोनवर निमंत्रण जावे. वर्ष संपल्यावर वह्यांची कोरी पाने काढून त्यांची एक वही शिवण्याची जी रीत आपल्या आयांनी पाळली, ती मुलांच्या हातून पुन्हा सुरू व्हावी. यात नवे काहीच नाही, आणि नवे नसल्याने त्याचे महत्त्व कमी होत नाही.

गणेशपुरीस गुरुपौर्णिमेला मोठी गर्दी लोटते. अशा दिवशी जेथे जेथे पंगती उठतात तेथे कागदी ताटल्यांचा ढीग पडतो, आषाढाच्या पावसात तो भिजतो, आणि त्यावरचा चकचकीत थर चिखलात शिल्लक राहतो. हे तानसाच्या काठी घडावे, जेथे पळसाला तोटा नाही आणि जेथल्या वारली-कातकरी बाया पळसाची पाने खुडून, चोयांनी टाचून पत्रावळी आणि द्रोण करणे आईकडून शिकलेल्या आहेत, हे मला फार विपरीत वाटते. पळसाचे पान खुडल्याने झाड मरत नाही. पत्रावळ गुरे खातात, उरलेली खतात जाते. तरीही कागदी ताटली जिंकते, कारण ती यंत्रातून ठोक भावाने येते आणि पत्रावळीला मात्र एका बाईच्या अख्ख्या दिवसाचा रोज द्यावा लागतो. येथेही प्रश्न दांडेलीच्या दीड रुपयाचाच आहे. भंडारा घालणाऱ्या मंडळींनी मांडववाल्याशी आणि आचाऱ्याशी जसा महिनाभर आधी दर ठरवून विसार देण्याचा रिवाज ठेवला आहे, तसाच तो पाड्यांवरील बायांशीही ठेवावा. किती पत्रावळी, किती द्रोण, कोणत्या दराने, हे ज्येष्ठातच ठरावे, निम्मी रक्कम आगाऊ पोचावी, आणि पत्रावळीमागे द्यायचा दर दिवसाच्या रोजाला धरून बेतावा, कागदी ताटलीच्या भावाशी घासाघीस करून नव्हे. भंडाऱ्याच्या एकूण खर्चात हा वाढीव आकडा किती लहान असतो, ते यजमानांनी एकदा हिशेब मांडून पाहावे.